दोन प्रितम

मे महिन्यातल्या एका दुपारी गुणाबाई माझ्याकडे आली. पनवेलच्या बाजारात तिची सुक्या मासळीची जागा पंचवीस वर्षांची. एरवी येताना वर्तमानपत्रात बांधलेली सुकट किंवा मूठभर सोडे घेऊन यायची. त्या दिवशी हात रिकामे होते. आत येईना, पायरीवरच बसली.

"बाई, तुमच्या इद्यार्थ्याला बाहेरचं काय तरी झालंय."

माझा विद्यार्थी म्हणजे तिचा थोरला मुलगा, प्रितम घरत. चेन्नईच्या एका हॉस्पिटलात, कॅन्सरच्या रोग्यांना किरण देतात त्या विभागात तो तंत्रज्ञ आहे. वर्षातून एकदा, मे महिन्यात, दहा दिवसांच्या रजेवर सुकापूरला घरी येतो.

"काय झालं त्याला?"

"मासली खात नाय. चार दिस झालं. पयल्या दिशी निवट्या केल्या, खाडीतनं जित्त्या आनलेल्या. ताट सरकवून ठेवलं. काल चिवनी केली, तिच्याकडं बघलं पन नाय. दाल-भात खातो नि उठतो. ह्यो शिवाचा पोर हाय काय?"

"पोट बिघडलं असेल."

"पोट बिघडलेला मानूस दोन वाट्या दाल पीत नाय, बाई. मना सांगा नको. मना म्हाईत हाय काय झालंय." ती जरा पुढे सरकली. "तिकडची कोन तरी भेटलीय. बाम्हनाची. तिनं सांगितलं असंल, आदी मासली सोड, मंग हो म्हनते."

मला हसू आलं. "मग बरंच की गं. तेहतीस वर्षांचा झाला. लग्न तरी होईल."

"हसा तुमी. सून घरात डोसे घालंल. मंग मी सुकट कोनाच्या तोंडात घालू, तुमच्या?" मग तिचा आवाज उतरला. "तुमी विचारा त्याला. तुमाला खोटं नाय सांगनार."

हे मात्र खरं होतं. प्रितमला खोटं बोलता येत नसे. वर्गात तो काही हुशार म्हणून ओळखला जात नव्हता. साठ-बासष्ट टक्क्यांच्या आसपास त्याचं बस्तान. पण त्याच्यात एक गोष्ट होती. मी भूगोल शिकवत असे आणि भिंतीवरचा नकाशा वाकडा टांगलेला त्याला सहन होत नसे. बाकावर चढायचा, खिशातून दोरा काढायचा, दोऱ्याला बांधलेली चावी खाली लोंबू द्यायची आणि नकाशाची कड त्या दोऱ्याला लावून बघायची. मुलं ओरडायची, "आला मिस्त्री, आला!" तो ऐकायचा नाही. एकदा त्याने मला विचारलं होतं, "बाई, नकाशात पनवेलवर टिंब आहे, ते बरोबर जागी पडलंय हे नंतर कुणी जाऊन बघितलं का?" छत्तीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला दुसऱ्या कुणी विचारला नाही. आणि मला उत्तरही देता आलं नव्हतं.

त्याचे वडील शिवा मिठागरावर होते. मिठागरं बुजली तेव्हा न्हावा शेव्याकडे कंटेनरच्या यार्डात पहारेकरी झाले. बारावीनंतर प्रितमने मुंबईत किरणोपचाराच्या तंत्राचा अभ्यासक्रम केला. जवळपास जागा मिळेना, चेन्नईला मिळाली. दोन वर्षांत परत येतो म्हणून २०११ साली गेला. खारघरला मोठं यंत्र बसणार आहे, तिथे जागा निघतील, हे मी त्याच्या तोंडून दर मे महिन्यात ऐकते.

त्या संध्याकाळी मी त्याला बोलावून घेतलं. चहा दिला, सरळच विचारलं. त्याने कप खाली ठेवला.

"आईला सांगणार नाही ना, बाई?"

"सांगण्यासारखं नसेल तर नाही सांगणार."

"तिला कळलं तर तीही सोडेल. म्हणून तर सांगत नाही."

मग त्याने मला जे सांगितलं ते मी इथे लिहिते. मधलं काही मला पुढे चंद्रावतीबाईंकडून कळलं, तेही त्याच्या त्याच्या जागी घातलं आहे.

चंद्रावती आणि बळीराम हे तळोजाच्या पलीकडे, खाडीकाठच्या गावातलं जोडपं. बळीरामने जन्मभर भातशेती केली आणि खाडीत होडी चालवली. मुलगा हितेश तळोजाच्या एका कारखान्यात पाळीने कामाला. चंद्रावतीला अठ्ठावन्नाव्या वर्षी सगळं दोन दोन दिसायला लागलं. एका चुलीच्या दोन चुली, एका पायरीच्या दोन पायऱ्या. चुकीच्या पायरीवर पाय ठेवून ती दोनदा पडली. तपासणीत निघालं की नाकाच्या मागे, मेंदूच्या बुडाशी गाठ आहे. मुंबईत नाकातून ऑपरेशन करून बरीचशी काढली. थोडी राहिली, कारण ती डोळ्यांच्या नसांना चिकटून होती. तिथे सुरी घालणं धोक्याचं आणि साधे किरणही धोक्याचे. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, प्रोटॉनचे किरण द्या, ते चेन्नईला मिळतात. विमानतळात गेलेल्या जमिनीचा पैसा होता, म्हणून ते शक्य तरी झालं. जानेवारीच्या शेवटी दोघं तिथे पोहोचली, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी उपचार सुरू झाले. अडतीस सिटिंग घ्यायची होती, आठवड्याला पाच.

"बाई, हा किरण आरपार जात नाही," प्रितम मला सांगत होता. "जेवढं आत जायला सांगितलं तेवढं जातो, तिथे थांबतो आणि थांबतानाच सगळा जोर टाकतो. म्हणून तर गाठ जळते आणि मागची नस राहते. पण तो नेमका तिथेच थांबतोय ना, हे रोज बघावं लागतं. ते बघण्याचं काम माझं."

रोज सिटिंगच्या आधी रोग्याला टेबलावर निजवून दोन बाजूंनी एक्स-रे काढायचे आणि पहिल्या दिवशीच्या चित्रावर ठेवून बघायचे. हाडावर हाड बसलं पाहिजे. एक मिलिमीटर फरक असला तरी टेबल हलवून जुळवायचं. आणि आठवड्यातून एकदा पूर्ण सीटी स्कॅन, कारण एक्स-रेत हाड चांगलं दिसतं, मांस तेवढं दिसत नाही. मी ऐकत होते आणि मला तो दोऱ्याला बांधलेली चावी धरून बाकावर उभा असलेला दिसत होता.

डोकं हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा असतो. गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर ओढतात, गार झाला की त्याच माणसाचा साचा होतो. चंद्रावतीला तो पहिल्यांदा घालायला आणला तेव्हा प्रितम बाजूला मान खाली घालून आपलं काम करत होता. आजूबाजूला सगळं तमिळ आणि इंग्रजी. तेवढ्यात टेबलावरून आवाज आला, "आये एकवीरे, जन्मभर मासली जाल्यात धरली, आता तू मना जाल्यात घाल."

प्रितमचा हात थांबला. कामाच्या जागी आठ वर्षांत असं बोलणं त्याच्या कानावर पडलं नव्हतं.

"काकी, कुठल्या गावच्या?"

चंद्रावती उठूनच बसली. "आरं, तू आपल्यातला हायेस?"

"सुकापूरचा. मिठागरवाल्या शिवाचा मी मुलगा."

तिने त्याच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. एक डोळा आत वळला होता. "मना तर दोन दोन दिसतोस रं पोरा."

"होईल हळूहळू बरं."

"नको, ऱ्हाऊ दे. दोन हायेस ते बरं हाय. एक इथं ठेव माझ्याजवल, नि दुसरा पनवेलला आयेकडं धाड."

हे सांगताना प्रितम हसला, पण मग म्हणाला, "बाई, दिवसभर माझ्या डोक्यात तेच. दुसरा आता कुठे असेल? संध्याकाळचे सात वाजले, दुसरा आईबरोबर टोपल्या आवरत असेल."

चेन्नईत समुद्र आहे, बाजारात मासळीचे ढीग आहेत. पण प्रितमची खोली ज्यांच्या घरात आहे ते मालक कट्टर शाकाहारी. त्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. बाहेर खानावळीत मासा मिळतो, पण खाडीच्या चिखलातला नव्हे. गुणाबाई दर वर्षी परतताना त्याला एक पत्र्याचा डबा देते, बोंबील आणि सुकटीने भरलेला. तो डबा तो कपाटात कपड्यांच्या मागे ठेवतो. शिजवता येत नाही. एखाद्या रविवारी खिडकी लावून घेतो, झाकण उघडतो, वास घेतो आणि पुन्हा बंद करतो.

तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी, मुखवटा बसवताना त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. एक्स-रे काढला. हाडं तंतोतंत जुळत होती. नियमाप्रमाणे पुढे जायला हरकत नव्हती. पण मुखवट्याच्या कडेने त्याचं बोट आत गेलं. पहिल्या आठवड्यात तिथे नखही शिरलं नसतं. त्याने सिटिंग थांबवलं आणि किरणांचा हिशेब मांडणाऱ्या फिजिसिस्ट मॅडमना बोलावलं. सीटी काढला. पहिल्या चित्रावर नवं चित्र ठेवलं तेव्हा सगळ्यांना दिसलं, की कवटी जागच्या जागी आहे पण गाल आणि कानशिलं आत गेली आहेत. तीन-चार मिलिमीटर. वजन केलं, चार किलो कमी.

डॉक्टरांनी दोघांना बसवून सांगितलं, प्रितमने ते मराठीत करून दिलं. आता नवा मुखवटा, नवा हिशेब, दोन दिवस उपचार बंद. एकदा चालेल. पण वजन असंच उतरत राहिलं तर पुन्हा पुन्हा थांबावं लागेल आणि मधे पडणाऱ्या खंडाचा फायदा गाठीला मिळेल. त्यापेक्षा पोटाला छिद्र पाडून नळीने अन्न घालावं लागेल.

"काकी, जेवत नाही का?"

"जेवते की. बरं जेवते."

"जेवते, साहेब," बळीरामही म्हणाला.

आहार सांगणाऱ्या बाईंनी कागद दिला. दूध, अंडी, मासे. चंद्रावतीने तो नीट घडी करून पिशवीत ठेवला.

पण प्रितमला ते पटेना. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत रोग्यांच्या माणसांना खोल्या भाड्याने मिळतात, तिथे ही दोघं राहत होती. रविवारी तो तिथे गेला. त्या गल्लीत बंगालहून आलेली माणसं मोहरीच्या तेलात मासे तळत होती, कुणी मटण शिजवत होतं, जिन्यावर वासांचा नुसता गोंधळ. चंद्रावतीच्या दारात आल्यावर मात्र वास संपला. शेगडीवर डाळ होती. बस्स.

"मी दारातच उभा राहिलो, बाई. आपली बाई दोन महिन्यांसाठी परगावी आलीय आणि खोलीला सुकटीचा वास नाही! असं कधी झालंय?"

बळीराम पाण्याचा कॅन आणायला खाली गेला होता. कोपऱ्यात चंद्रावतीची कापडी पिशवी होती, तिच्यात सोड्यांची पुडी. सुतळीची गाठ घरून निघताना मारलेली, तशीच्या तशी.

"काकी, गाठ सोडलीच नाय तुमी."

"चव लागत नाय रं तोंडाला."

"चवीचं सोडा. खोटं सांगू नका मना."

तिने दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "त्यांना बोलू नको. त्यांनी मासली सोडलीय. नवस केलाय एकवीरेला, माझ्या डोल्यासाठी. मना सांगलं नाय."

"मंग कललं कसं?"

"निघायच्या आदल्या दिशी माझ्या भनीकडं जेवलो. तिनं ताजे बोंबील तललेले. ह्ये म्हनतात, मना पित्त झालंय. पित्त! खाडीचं पानी पिऊन वाढलेला बाप्या. चालीस वर्सं मी ह्या मानसाच्या ताटात वाढतंय, मना कललं नाय काय? इथं आल्यावर मी सोडे काढले, तर म्हनतात, तू खा, मना भूक नाय. त्यांच्या म्होरं मी एकटीनं कशी गिलू? बांधून ठेवले."

"नि दाल?"

"ती उतरत नाय रं नुसती. दोन घास जातात."

बळीराम कॅन घेऊन वर आला तो दारातच थबकला. दोघांचे चेहरे बघून त्याला काय ते कळलं. कॅन खाली ठेवला आणि बायकोवर ओरडला, "मंग तू का उपाशी ऱ्हायलीस? नवस माझा हाय!"

"नि तुमी मना सांगलं का नाय?"

"सांगला तर तू हेच केलं असतंस!"

"मी तेच केलं!"

प्रितम मला म्हणाला, हसावं की रडावं ते कळेना, म्हणून मी डाळ ढवळत बसलो.

मग त्याने बळीरामला समजावलं. हॉस्पिटलातली चित्रं बाहेर आणता येत नाहीत, पण बळीरामला चित्रांची गरजही नव्हती.

"काका, बिनवल्ह्याची होडी एक ढकला मारून काठाकडं सोडली. म्होरं चिखल हाय. होडी कुठं थांबंल?"

"चिखल किती हाय त्यावर."

"चिखल दाट हाय असं धरून मी ढकला दिला. पन चिखल पातल झाला."

"मंग होडी फुडं जानार."

"हा किरन तसाच. काकीच्या गालाचं मांस म्हंजे तो चिखल. आमी पयल्या दिशी मोजून ढकला ठरवला. आता मांस उतरलंय. होडी थांबायची तिथं थांबनार नाय, फुडं जानार."

बळीरामने विचारलं, "फुडं काय हाय?"

"डोल्याची नस."

बळीराम खाली बसला. ज्या डोळ्यासाठी त्याने मासळी सोडली होती, त्याच डोळ्याकडे त्याचा नवस होडी ढकलत होता. हे त्याला कुणी बोलून दाखवलं नाही. तो स्वतःच थोड्या वेळाने म्हणाला, "मोडला तर देवी डोला घेनार. नाय मोडला तर तुजा किरन घेनार. मी करू काय?"

अशा पेचात त्यांच्या घरात ज्यांना विचारतात त्या म्हणजे भामाआत्या, बळीरामची थोरली बहीण. नवस, सुतक, सोयर, कुणाच्या पानात पहिलं काय वाढायचं, सगळ्याचा निवाडा आत्याकडे. फोन लावला, स्पीकरवर टाकला. आत्यांना ऐकू कमी येतं, म्हणून बळीरामने सगळी हकीकत ओरडून सांगितली. शेजारच्या बंगाली बाई दारात येऊन बघून गेल्या.

"बल्या, नवस मोडायचा नाय," आत्या म्हणाल्या. "पन उचलता येतो. बापाचा नवस मी नाय उचलला? घरचं मानूस पायजे. तुज्या हितेशला सांग."

"हितेशला?" चंद्रावती मध्येच बोलली. "तो कोंबडी खानारा. त्याला मासलीचा काटा काडायचा कंटाला."

"मंग त्याचा काय उपेग नाय," आत्यांनी लगेच निकाल दिला. "ज्याचं मन मासलीवर हाय त्यानंच सोडली पायजे. ज्याला नकोच हाय त्यानं सोडून देवीला काय भेटनार, भोपला?"

मग प्रितमने विचारलं, "आत्या, मी उचलू?"

"तू कोन बोलतोस?"

"प्रितम. सुकापूरच्या शिवा घरताचा पोरगा."

"मिठागरावरचा शिवा? बरं. मासली आवडते?"

"आत्या, वरीस होत आलं, डबा उघडून नुसता वास घेतो."

फोनमधून खो खो हसणं आलं, मग खोकला. "मंग देवीला चालंल. पन घरचं मानूस पायजे."

"घरचाच हाय," चंद्रावती म्हणाली.

बळीरामचा नवस 'डोळा वाचला असं कळेपर्यंत' असा होता. ते कळणार होतं जुलैत, उपचार संपून तीन महिने झाल्यावरच्या तपासणीत. प्रितमने हिशेब केला. मधे मे महिना येत होता, त्याची रजा, आईचं घर. तो उठला. खोलीवर गेला आणि कपाटातून पत्र्याचा डबा घेऊन आला.

चंद्रावतीने त्यातली सुकट भाजली, कांदा घातला, आमसूल घातलं. बळीरामने महिनाभराने पहिला घास घेतला आणि मान वर केली नाही. तीही जेवली. भात दोनदा घेतला. प्रितम समोर बसून डाळ-भात खात होता. त्याच्या आईच्या हातची सुकट, त्याच्या गावची भाषा, तसंच शिजवलेलं. चेन्नईतल्या आठ वर्षांत पहिल्यांदा इतक्या जवळ.

"अवघड गेलं का रे?" मी विचारलं.

"वासाला नवस नव्हता, बाई," तो म्हणाला. "तेवढा मी पोटभर घेतला."

त्यानंतर दर रविवारी तो तिथे जेवायला जाई. नवा मुखवटा घट्ट बसला. पुढच्या आठवड्याचा सीटी नव्या मुखवट्याच्या वेळच्या चित्रावर ठेवला तेव्हा गालाची कड गालाच्या कडेवर आली होती. त्याच्या पुढच्यातही. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी अडतिसावं सिटिंग झालं. चंद्रावतीने निघताना जुना, सैल झालेला मुखवटा मागून घेतला. घरी काय करणार विचारलं तर म्हणाली, परड्यात वांग्यांच्या रोपावर ठेवीन, चिमण्या येत नाहीत.

एवढं सांगून प्रितम थांबला. चहा गार झाला होता. बाहेर रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती. तो म्हणाला, "आई रोज काहीतरी वेगळं करते, बाई. आज खुबे. मला माहीत आहे ती मुद्दाम करतेय. मी ताट सरकवतो तेव्हा ती माझ्याकडे बघत नाही. मला द्यायला काढून ठेवलेल्या डब्याकडे बघते."

दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेले आणि गुणाबाईला सांगितलं, "मुलगी वगैरे काही नाही. औषध चालू आहे. जुलैपर्यंत पथ्य आहे." औषध कुणाचं ते सांगितलं नाही.

"म्हंजे बाम्हनाची नाय?"

"कुणाचीच नाही."

"तेवडीच आशा होती," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

या वर्षी निघताना तिने त्याला डबा दिला नाही. पथ्यावरच्या माणसाला कशाला त्रास, असं तिला वाटलं. प्रितम रिकाम्या हाताने गेला.

जूनच्या शेवटी चंद्रावती आणि बळीराम चेन्नईला जायच्या आधी बाजारात आले. प्रितमने त्यांना आईची जागा सांगितली होती, पण नवसाचं बोलू नका अशी शपथही घातली होती. चंद्रावती टोपलीसमोर बसली. हे तिनेच मला नंतर सांगितलं. तिने बोंबील मागितले.

"घरी खायला की पाठवायला?" गुणाबाईने विचारलं.

"पोरासाठी. मद्रासला हाय."

"या बया! माझा पन तिथंच हाय." गुणाबाई हातातले बोंबील बाजूला ठेवून खालून दुसरे काढायला लागली. "हे घ्या, हे जाड हायेत. माझा मेला खात नाय आता. पथ्य हाय म्हनतात. तुमचा तरी खाऊ दे."

चंद्रावती खाली बघत राहिली. गुणाबाईने पुडी बांधली आणि वर मूठभर सुकट टाकली. "लांब ऱ्हानारं पोर हाय. त्याला सांगा, पनवेलच्या गुनाबाईनं वरचं दिलंय."

"सांगंन," चंद्रावती म्हणाली. ती उठली आणि भाजीवाल्यांच्या रांगेपर्यंत जाऊन तिथे डोळे पुसत उभी राहिली. बळीरामला वाटलं डोळा पुन्हा बिघडला. तो घाबरून गेला.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात चेन्नईला एमआरआय झाला, डोळ्यांची तपासणी झाली. रिपोर्ट दुपारी मिळाला. उरलेली गाठ वाढलेली नव्हती, किंचित लहान झाली होती. डोळ्यांच्या नसा दोन्ही चांगल्या. वळलेला डोळाही बराचसा सरळ आला होता. पुढेही वर्षानुवर्षं तपासत राहावं लागणार, पण आजच्या घडीला डोळा वाचला, असं डॉक्टरांनी सांगितलं. प्रितमची पाळी चालू होती. तो दोन रोग्यांच्या मधल्या दहा मिनिटांत धावत खाली आला. बळीरामने व्हरांड्यातच त्याला मिठी मारली. चंद्रावती बाकावर बसली होती, मांडीवर पत्र्याचा डबा. सकाळी त्याच गल्लीतल्या खोलीत तिने गुणाबाईकडच्या बोंबलांचं कालवण केलं होतं.

हे त्याने मला त्या रात्री फोनवर सांगितलं.

"तिने मला समोर उभं केलं, बाई. एक डोळा हाताने झाकला, मग दुसरा. मग दोन्ही उघडे ठेवून बघत राहिली. म्हणाली, 'एकच दिसतोस रं पोरा.'"

"किती छान."

"हो. बळीरामकाका हात जोडून उभे. मीही हसत होतो. मग ती हसायची थांबली. म्हणाली, 'एकच हायेस. नि तो तर इथं हाय. मंग तुज्या आयेकडं कोन गेलाय?'"

"तू काय म्हणालास?"

"काय म्हणणार, बाई? म्हटलं, काकी, डबा उघडा. दहा मिनिटंच आहेत."

"आणि खाल्लेस?"

"दोन बोंबील. उभ्यानेच." मग तो म्हणाला, "आईला आज सांगितलं सगळं. तिने नुसतं विचारलं, जाड होते ना?"